टाकी किती?

मे महिना लागला की आमच्या संभाजीनगरात लोक दोन गोष्टींची वाट बघतात, निकालाची आणि नळाची. निकालाची तारीख निदान कुणीतरी जाहीर करतं. नळाचं तसं नाही. समोरच्या काकू गच्चीवरून ‘आलं गं, आलं’ म्हणतात आणि पाच मिनिटांत गल्लीतल्या सगळ्या मोटारी घुमायला लागतात. हातातलं काम टाकून जो तो टाकीकडं पळतो, कारण आज हुकलं तर पुढचं पाणी कधी हे सांगायला कुणी बांधील नाही. परवा असाच आमचा पाण्याचा दिवस होता. मी गच्चीवर टाकीत पाईप धरून उभी होते आणि तेवढ्यात सईचा फोन आला.

सई माझी भाची. तिचा बारावीचा निकाल लागायचा आहे, म्हणून सध्या घरात तिला कुणी काही बोलत नाही आणि ती त्याचा पुरेपूर फायदा घेते आहे.

‘मावशी, तू तो किल्ल्याचा गेम खेळायचीस ना? आम्ही चौघी पाचव्या दरवाजाला सारख्या मरतोय.’

‘चौघी म्हणजे कोण कोण आहे तुमच्यात?’

‘सगळ्या भारी आहेत गं. दोन तलवारवाल्या, दोन धनुष्यवाल्या.’

‘आणि मार कोण खातं?’

पलीकडून सई म्हणाली, ‘मार कशाला खायचा?’

मला इतकं हसू आलं की पाईप हातातून निसटला आणि मी नखशिखांत भिजले. मेच्या उन्हात ते बरंच वाटलं. सईला म्हटलं, नंतर फोन करते. पाईप परत टाकीत खुपसला आणि त्या पाण्याच्या आवाजात उभी राहिले. सात-आठ वर्षांपूर्वीचा एक अख्खा उन्हाळा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तो उन्हाळा आठवला की मला आजही आधी धडकी भरते आणि मग फार बरं वाटतं. नेहमी याच क्रमानं.

तेव्हा मी औरंगपुऱ्यातल्या एका अभ्यासिकेत बसायचे. बसायचे म्हणजे सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत. एका मोठ्या खोलीत प्लायवूडची खोकी केलेली, प्रत्येकाच्या पुढ्यात फळी, फळीच्या वर चिकटवलेला महाराष्ट्राचा नकाशा आणि त्याखाली स्वतःच्या हातानं लिहिलेलं एखादं पद. कुणी तहसीलदार, कुणी उपअधीक्षक. अभ्यासिकेची एक रीत होती. कुणी कुणाला नावानं हाक मारायचं नाही, साहेब नाहीतर मॅडम म्हणायचं. पायात तुटकी चप्पल, डब्यात कालची भाजी आणि ‘साहेब, जरा लोणचं सरकवा’. बाहेरच्यांना ते हास्यास्पद वाटायचं. आम्हाला त्याचा आधार होता.

त्या साली पूर्वपरीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर झाली आणि निकाल लांबला. तो काळ मला कुणाच्याही वाट्याला यायला नको असा वाटतो. मुख्य परीक्षेचा अभ्यास करायचा, पण मुख्य परीक्षा आपल्याला आहे की नाही ते माहीत नाही. पुस्तक उघडलं की ओळी दिसायच्या, अर्थ दिसायचा नाही. दुपारी एक ते तीन कूलरला विश्रांती म्हणून अभ्यासिका बंद असायची. खोलीवर जाऊन फोनवर आईचं ‘कसा चाललाय अभ्यास’ ऐकण्यापेक्षा आम्ही चौघं जिन्यात बसायचो. त्या जिन्याला मागच्या बाजूनं झरोका होता. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास अजून खाली रेंगाळत असायचा, त्यात झेरॉक्सच्या दुकानातला शाईचा वास मिसळायचा, आणि आम्ही भिंतीला पाठ टेकून मोबाईलवर किल्ला लढवायचो.

आम्ही चौघं म्हणजे मी, प्रतिभा, रेहान आणि दत्ता. प्रतिभा माझी खोलीवरची मैत्रीण, तोंडानं फटकळ. रेहान छावणीतला, त्याचे वडील तिथं फौजींचे गणवेश शिवायचे. आणि दत्ता करमाडचा, रोज जालना रोडनं येऊन-जाऊन करणारा. तो शेवटच्या पायरीवर बसायचा आणि कुणी चढायला आलं की आधी तोच उठून वाट द्यायचा.

खेळाचं खरं नाव काहीतरी लांबलचक होतं, आम्ही त्याला किल्ला म्हणायचो. चार जणांनी मिळून एका किल्ल्यात शिरायचं, एकामागून एक सात दरवाजे फोडायचे, प्रत्येक दरवाजाशी एक राक्षस. आधीचे चार दरवाजे सोपे होते. पाचव्यापासून खेळ एकदम अंगावर यायला लागला. आम्ही पाचव्याला सतरा-अठरा वेळा तरी मेलो असू. मोजण्यात अर्थ नव्हता. कारण उघड होतं, फक्त आम्हाला दिसत नव्हतं. चौघांनीही मारणारे वीर निवडले होते. मी धनुष्य, प्रतिभा जादूचा गोळा, रेहान आणि दत्ता तलवार. पुढं साहेब होणारी माणसं आम्ही, मार खायची भूमिका कोण घेणार?

शेवटी रेहाननं एक दिवस मोबाईल खाली ठेवला आणि समजावून सांगितलं. ‘देखो मॅडम, अपने को एक टँक होना. सामने खडा रहके मार खानेवाला. एक हीलर होना, जखम भरनेवाला. एक मारनेवाला, वो मैं है. और एक ऐसा होना जो खुद कुछ खास करताच नै, पर उसके वजे से बाकी सबका काम अच्छा होता.’

‘म्हणजे मीठ,’ प्रतिभा म्हणाली. ‘मी होते मीठ. मला तशीही कुणाची जखम बघवत नाही.’

‘जखम भरणारा म्हणजे वैदू,’ दत्ता म्हणाला. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला राग आला. अभ्यासिकेत सराव परीक्षेत माझा पहिला नंबर असायचा आणि ही मंडळी मला मागं उभं राहून मलमपट्टी करायला सांगत होती. पण पाचवा दरवाजा फुटत नव्हता हे खरं. मी तोंड वाकडं करून वैदू झाले.

राहिली टँकची भूमिका. ती दत्तानं कुणी विचारायच्या आत घेतली. ‘टाकी मी होतो. टाकीचं मला कळतंय.’

तो गंमतीनं टाकी म्हणतोय असं आम्हाला वाटलं आणि आम्हीही टाकीच म्हणायला लागलो. आठ-दहा दिवसांनी सहावा दरवाजा फोडल्यावर दत्तानं विचारलं, ‘रेहानसाहेब, एक सांगा. टाकी म्हणत्यात, पण ह्याच्यात पाणी कुठंच कसं नाय?’ रेहान आधी ऐकतच राहिला. मग हसून हसून पायरीवर आडवा झाला. ‘अरे भाई, टाकी नै! टँक! रणगाडा! छावनी में फौज का देखा नै क्या?’

दत्ता ओशाळला. पण लगेच म्हणाला, ‘मला वाटलं, सगळ्यांचं आपल्यात घ्यायचं आन् घर चालू ठेवायचं. त्ये काम टाकीचंच असतंय.’

आम्ही त्याला बरेच दिवस चिडवलं. आता वाटतं, त्याचा अर्थ चुकीचा असून त्याला काम बरोबर समजलं होतं. रणगाडा समजून कुणी खेळला असता तर राक्षसाच्या अंगावर धावला असता आणि आम्ही मागं उघडे पडलो असतो. दत्ता धावायचा नाही. तो दरवाजाशी पाय रोवून उभा राहायचा आणि राक्षसाचे सगळे घाव स्वतःवर घ्यायचा.

संघ जमला खरा, पण आमच्या शहरात नुसता संघ जमून भागत नाही. माझ्या आणि प्रतिभाच्या खोलीचा पाण्याचा दिवस वेगळा, छावणीचा वेगळा, करमाडचं तर गणितच वेगळं. ज्याच्याकडं पाणी, तो त्या दिवशी बाद. मी वहीत एक तक्ता केला होता, कुणाचा नळ कोणत्या वारी. त्याप्रमाणं कोणत्या दिवशी कोणता दरवाजा लढायचा ते ठरायचं. टाकी आणि वैदू दोघंही हजर असतील तेव्हाच सातवा. अभ्यासाचं वेळापत्रक मी आयुष्यात कधी इतकं नेटकं पाळलं नव्हतं.

सातव्या दरवाजाशी एक दगडी राक्षस होता. तो एकच घाव घालायचा, पण असा घालायचा की टाकी भरलेली नसेल तर तिथंच खेळ खलास. प्रत्येक वीराच्या अंगात किती जीव उरलाय ते पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरव्या पट्टीनं कळायचं. माझा मोबाईल नेमका त्याच कोपऱ्यात फुटलेला होता. त्यामुळं मला विचारावं लागायचं. दर मिनिटाला मी ओरडायचे, ‘टाकी किती?’ आणि पायरीवरून आवाज यायचा, ‘भरलीय.’

भरलीय म्हटल्यावर मी निश्चिंत. मग माझी सगळी औषधं रेहान आणि प्रतिभासाठी. ती दोघं नुसतं खरचटलं तरी किंचाळायची. ‘मॅडम, मर रहा मैं!’ ‘ए बाई, मला दे आधी!’ दत्ता कधीही मागायचा नाही. जिन्यातून जाणारे-येणारे आमच्याकडं विचित्र नजरेनं बघायचे. भर दुपारी एक बाई ‘टाकी किती’ म्हणून ओरडतेय आणि कुणीतरी ‘भरलीय’ म्हणतंय, म्हणजे बिचाऱ्यांच्या घरी पाण्याचे फार हाल असणार. एकदा झेरॉक्सवाल्या काकांनी दोन हंडे देऊ का म्हणून विचारलं होतं.

सातव्याला आम्ही सारखे हरत होतो. दर वेळी एकाच जागी, त्या मोठ्या घावाला. आणि एका दुपारी रेहाननं हरल्यावर स्वतःचा पडदा माझ्यापुढं धरला. घाव पडायच्या आधी दत्ताची पट्टी पाव सुद्धा नव्हती. त्याच क्षणी तो मला ‘भरलीय’ म्हणाला होता.

मी त्याच्यावर तुटून पडले. ‘खोटं कशाला सांगतोस? आम्ही तुझ्या भरवशावर उभे आहोत. तुझ्यामुळं हरतोय आपण, दत्ता!’ साहेब म्हणायचंही विसरले.

दत्ता म्हणाला, ‘औषध थोडंच असतंय ना मॅडम. तुम्हाला पुरावं म्हणून म्हणलं.’ मग मोबाईल खिशात घालून तो उठला आणि आम्हाला जिना चढायला वाट करून दिली.

मी वाईट माणूस नाही, पण मला राग आला की तो पूर्ण येतो. तीन वाजता खोक्यात जाऊन बसले तरी माझं डोकं तापलेलं होतं. तो खोटं का बोलला हा प्रश्न मी मनात हजार वेळा विचारला. आपण इतके दिवस त्याच्याकडं एकदा तरी मान वळवून का बघितलं नाही, हा प्रश्न मला सुचला नाही. तो माझ्यापासून दोन पायऱ्यांवर बसलेला असायचा. पट्टी दिसत नव्हती, माणूस तर दिसत होता.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी निकाल लागला. दत्ता त्या दिवशी आला नव्हता, घरी काहीतरी काम होतं म्हणाला. आम्ही तिघं जिन्यातच होतो. नंबरांची यादी उघडता उघडेना. उघडली तेव्हा माझा नंबर होता, प्रतिभाचाही होता. रेहानचा नव्हता. रेहान म्हणाला, ‘अपना तो गया,’ आणि सरळ गुडघ्यात डोकं घालून रडला. दहा मिनिटं चांगला हमसून रडला, मग तोंड धुऊन आला आणि म्हणाला, चलो, समोसा खिलाओ, पास हुए तुम लोग. तेव्हा मला त्याचं जरा नवल वाटलं. आता वाटतं, किती शहाणा मुलगा.

मी यादीत दत्ताचा नंबर शोधला. तीनदा शोधला. त्याच्या घरच्यांनी त्याला हे शेवटचं वर्ष दिलेलं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आणि पेपर कसा गेला म्हणून कुणीही विचारलं की तो ‘भारी गेला’ म्हणायचा, हेही माहीत होतं. फोन लावला. त्यानं पहिल्या घंटीला उचलला.

‘बघितलं मॅडम. तुमचं दोघींचं झालं, लई बेस झालं.’

‘दत्ता, तू बरा आहेस ना?’

‘व्हय. टाकी भरलीय.’

असं म्हणून तो हसला आणि मी, जगातली सर्वांत मूर्ख बाई, त्याच्याबरोबर हसले. संध्याकाळी खेळ उघडला तर पडद्यावर एक ओळ होती, अमुक खेळाडू संघातून बाहेर पडला. आमच्या चौकोनात दत्ताच्या जागी राखाडी रंगाचा रिकामा गोल होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अभ्यासिकेतून त्याला फोन लावत राहिले. नऊच्या सुमारास त्याच्या आईनं उचलला.

‘दत्ता? त्यो टाकीत उतरलाय. दिस उगवल्यापून. वरून आवाज देऊन देऊन दमले मी, ओ म्हणून देईना...’ आणि फोन कट झाला. परत लागलाच नाही.

ते वाक्य मी रेहान आणि प्रतिभाला जसंच्या तसं सांगितलं. तिघांच्याही मनात एकच आलं आणि ते तोंडातून काढायची कुणाची छाती झाली नाही. रेहान फक्त ‘चलो’ म्हणाला. तो त्याच्या गाडीवर, मी प्रतिभाच्या स्कूटीवर मागं. जालना रोडवर सकाळीच ऊन तापलं होतं. चिकलठाण्याला विमानतळाची भिंत लागली, ती संपता संपेना. मी प्रतिभाच्या खांद्याला धरून बसले होते आणि मनात एकच हिशोब चालू होता. टाकी किती खोल असेल, तिच्यात पाणी किती असेल. दीड महिना मी ज्याला दर मिनिटाला ‘टाकी किती’ विचारत होते, त्याच्या उत्तराचा अर्थ मला शेंद्रा ओलांडताना लागला. मला कुणाचीही भीती वाटत नाही असं मी नेहमी सांगते. त्या सकाळी मी इतकी घाबरले होते की देवाला काय बोलले ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं की हवं तर यादीतला माझा नंबर परत घे म्हणाले होते.

करमाडला विचारत विचारत घर सापडलं. अंगणात लिंबाखाली एक बाई सूप घेऊन ज्वारी निवडत बसली होती. आम्ही गाड्या पाडूनच धावलो. तिनं शांतपणे वर बघितलं.

‘कोण गं तुमी?’

‘दत्ता कुठंय?’ प्रतिभा ओरडली.

‘सांगितलं की फोनवर. टाकीत.’ आणि सुपानंच अंगणाचा कोपरा दाखवला.

जमिनीत बांधलेली सिमेंटची टाकी होती. लोखंडी झाकण बाजूला काढून ठेवलेलं, आत शिडी गेलेली. मी तोंडापाशी पालथी पडले आणि आत बघितलं. बाहेरच्या उन्हामुळं आत नुसता काळोख दिसत होता. मला त्याला हाक मारायची होती. पण सवयीनं तोंडातून दुसरंच बाहेर पडलं.

‘टाकी किती?’

आत काहीतरी घासल्याचा आवाज चालू होता, तो थांबला. मग खालून, घुमून, ओळखू येईल न येईल असा त्याचा आवाज आला.

‘रिकामी.’

आणि जरा वेळानं, ‘लई रिकामी हाय, मॅडम.’

मी तिथंच मातीत बसले आणि रडले. दुःखानं नाही, सुटल्यासारखं वाटलं म्हणून. तो होता. बोलत होता. आणि पहिल्यांदाच खरं बोलला होता. रेहान टाकीच्या तोंडाशी वाकून म्हणाला, ‘अबे हौले, जान निकाल दिया तूने हमारी.’ तेवढ्यात शिडीवरून दत्ताचं डोकं वर आलं, केसांत गाळ, हातात खराटा, चेहऱ्यावर काहीच न कळल्याचा भाव.

‘का? काय झालं? तुम्ही सगळे हितं कसे?’

फटकळ माणसांचा अशा वेळी उपयोग होतो. प्रतिभानं सरळ सांगितलं, ‘आम्हाला वाटलं तू जीव दिलास.’

दत्तानं आमच्या तिघांकडं एकेक करून बघितलं. ‘नाय ओ,’ तो म्हणाला. ‘सांजच्याला पाणी यायचंय. टाकी धुवायची व्हती.’ मग खराट्याचा गाळ बोटानं काढत म्हणाला, ‘पण बाहेर यायला जीव व्हईना. वर आलो की आई निकालाचं इचारणार. महिनाभर तिला भारी गेला, भारी गेला म्हणून सांगितलंय. टाकी कवाच धुऊन झाली. दोनदा धुतली. आता तिसऱ्यांदा घासत व्हतो.’

आई सूप घेऊनच आमच्यापाशी आली होती. दत्ता कमरेपर्यंत टाकीत, कमरेपासून वर बाहेर. तसाच उभा राहून तिला म्हणाला, ‘आई, माझं नाय झालं.’

‘काल सांजच्यालाच कळलं मला,’ ती म्हणाली. ‘ताट सारलंस तवा. मी इचारलं न्हाई, तूच सांगशील म्हणून वाट बघितली. आता आधी भाईर ये आन् भाकर खा.’

मग ती आमच्याकडं वळली. माझ्या लाल डोळ्यांकडं बघून म्हणाली, ‘तू वैदूबाई व्हय?’ मी मान हलवली. ‘आन् ही बोलणारी म्हंजी मीठ. वाटलंच.’ मग रेहानकडं बघत राहिली. ‘ह्यो मारकुटा? दिसतोय तर लई गरीब.’ दत्ता रोज घरी जाऊन तिला सगळा किल्ला सांगायचा. आमची नावं तिला माहीत नव्हती, पण कोण कोणाच्या मागं उभं राहतं ते तिला तोंडपाठ होतं. रणगाडा वगैरे तिच्या डोक्यातही नव्हता. माझा लेक टाकी हाय, असं ती शेजारणीला अभिमानानं सांगायची म्हणे.

भाकरी, ठेचा आणि कैरीचं लोणचं खाल्लं. इतकी चव मला त्याआधी किंवा नंतर कशालाच लागलेली नाही. मग ती तीनदा धुतलेली टाकी आम्ही चौथ्यांदा धुतली, कारण घरी परतायचं कुणाचंच मन नव्हतं. दत्ता आणि रेहान आत, प्रतिभा वरून बादली ओढायला, मी कडेला बसून हे द्या ते द्या करायला. रेहाननं आत गाणं म्हणायला सुरुवात केली, त्याचा आवाज इतका घुमला की आईनं लिंबाखालून ‘ए मारकुट्या, गप’ म्हणून दम दिला. दुपारभर आम्ही कुणी निकालाचं बोललो नाही. दत्ता मधेच बोलला, आपणहून. चार वर्षं कशी गेली, कुठला पेपर कसा अवघड गेला, बसमध्ये त्याला कसं धडधडायचं. कोरड्या टाकीत बसून तो बोलत होता आणि आम्हाला प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येत होता.

संध्याकाळी पाणी आलं. रिकाम्या, स्वच्छ टाकीत पहिली धार पडते तेव्हा जो आवाज होतो, तो ऐकायला आम्ही चौघं कडेला उकिडवे बसलो होतो. आधी टणटणीत, मग हळूहळू जड होत जातो. आई म्हणाली, पाण्याकडं बघत बसू नका, भरायचं तेव्हा भरंल. पण आम्ही बसलो.

आठवड्यानं पाण्याचा तक्ता जुळला आणि आम्ही सातव्या दरवाजाशी पुन्हा उभे राहिलो. दत्ता परत संघात आला होता. बदललं होतं एवढंच की आता तो खरं सांगायचा. ‘टाकी किती?’ ‘निम्मी.’ ‘टाकी किती?’ ‘पाव. मॅडम, बघा माझ्याकडं.’ मी बघायचे. रेहान आणि प्रतिभाचा आरडाओरडा तसाच होता, पण तो खरचटल्याचा आहे हे आता मला कळत होतं. मोठा घाव पडला तेव्हा टाकी काठोकाठ होती. दगडी राक्षस कोसळला. बक्षीस म्हणून प्रत्येक वीराला एक पिवळी टोपी मिळाली, इतकी कुरूप की प्रतिभानं तिच्या वीराला ती कधी घातलीच नाही. आम्ही जिन्यात असे ओरडलो की झेरॉक्सवाले काका बाहेर आले आणि म्हणाले, आलं का एकदाचं पाणी?

पुढं मी मुख्य परीक्षेत नापास झाले. हे लिहिताना आता काही वाटत नाही. त्या निकालाच्या दिवशी मी रेहानसारखी दहा मिनिटं रडले आणि आईला सांगितलं. प्रतिभा एका तालुक्याच्या ठिकाणी नोकरीत आहे आणि लोक तिला खरोखरच मॅडम म्हणतात. रेहान वडिलांचं दुकान बघतो. दत्ता करमाडला ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवतो, त्याला दोन मुली आहेत. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पाळ्या लावते, कोणाबरोबर कोण, कोण पुढं, कोण मागं. यंत्रावर चारही तगडे गडी दिले की पाळी कशी बिघडते, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. जो माणूस कधीच रजा मागत नाही, त्याच्याकडं मी मुद्दाम जाऊन उभी राहते. त्याला वाटतं, बाई कामावर लक्ष ठेवते.

परवा टाकी भरल्यावर सईला फोन केला आणि सगळं समजावून सांगितलं. मार खाणारी एक, वैदू एक, मीठ एक, मारकुटी एकच. तिनं नाक मुरडलं, पण संध्याकाळी तिचा निरोप आला. तिची एक मैत्रीण टाकी व्हायला तयार झाली होती, स्वभावानं फार शांत आहे म्हणे, कधी काही मागत नाही. मी लगेच उलट फोन केला. म्हटलं, सई, पट्टी दिसत असली तरी तिला तोंडानं विचारायचं. निकालाच्या दिवशी सुद्धा विचारायचं. आणि ती भरलीय म्हणाली तर तिच्या घरी जाऊन बघायचं. सई म्हणाली, मावशी, गेम आहे तो. मी म्हटलं, असू दे.

मग मी दत्ताला फोन लावला. मे महिन्यात एकदा तरी लावतेच, काही काम नसताना. दुकानात गिऱ्हाईक होतं, मागं त्याची धाकटी कशासाठी तरी रडत होती, आणि उन्हानं त्याचाही आवाज कावलेला होता.

‘टाकी किती?’ मी विचारलं.

तो जरा थांबला. खरंच मोजून बघत असावा.

‘निम्मी,’ तो म्हणाला, आणि माझा जीव भांड्यात पडला. भरलीय म्हणाला असता तर मी तशीच गाडी काढून करमाडला निघाले असते.